खताचं उत्तर

गेल्या महिन्यात आठवीच्या वर्गात पत्रलेखन शिकवत होतो. फळ्यावर दिनांक लिहिला, 'प्रति' लिहिलं, मायना लिहिला. आमच्या वर्गात निम्मी मुलं घरी उर्दू किंवा दखनी बोलणारी, निम्मी मराठी. बोलता बोलता आमच्या तोंडून 'खत' हा शब्द निघाला आणि मागच्या बाकांवरून हसू फुटलं. शेतकऱ्याच्या पोराला खत म्हटलं की युरियाची गोणीच आठवणार, त्याचा काय दोष! आम्हीही हसलो आणि म्हटलं, "एक खत शेतात घालायचं, दुसरं पेटीत टाकायचं. दोन्ही वेळेवर पडायला हवीत, नाहीतर हाती काही येत नाही."

हसू ओसरल्यावर पहिल्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "टीचर, पण खरं पत्र कुणी लिहितं का? म्हणजे मार्कांसाठी नाही, तसंच?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र चटकन सुचेना. परीक्षेतल्या पत्राखालीही आता ई-मेलचा पत्ता लिहायचा असतो. शेवटी आम्हाला एक माणूस आठवला. खूप दूरचा, आमच्या जन्माच्या कितीतरी आधी वारलेला; पण आपल्या घराघरांत ओळखीचा. दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला मुलांना कॉम्प्युटरच्या खोलीत नेलं आणि पडद्यावर एक जुना काळा-पांढरा चित्रपट लावला.

दोन माणसं, एक जाडा, एक बारीक. दोघांच्या डोक्यावर गोल टोप्या. एक अवजड पियानो सव्वाशेहून जास्त पायऱ्या चढवून वर न्यायचाय. वर नेतात, तो खाली घरंगळतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. शेवटी कसेबसे पोहोचतात तेव्हा एक पोस्टमन त्यांना सांगतो, अहो, पलीकडून गाडीरस्ता होता की! तेव्हा हे दोघे शहाणे काय करतात? पियानो पुन्हा सगळ्या पायऱ्या उतरवून खाली नेतात आणि गाडीत घालून रस्त्यानं वर आणतात. मुलांना त्यांचं इंग्रजी एक अक्षर कळलं नसेल. पण हसून हसून पोटं धरली. आमच्या अब्बांच्या पिढीनं ही जोडी सिनेमाघरात पाहिली. मराठीत त्यांचं बारसंही झालं: जाड्या-रड्या. इंग्रजीत लॉरेल आणि हार्डी. तो चित्रपट १९३२चा, नाव 'द म्युझिक बॉक्स'. त्याला ऑस्कर मिळालं. लॉस एंजेलिस शहरात त्या पायऱ्या अजून आहेत.

वाचकहो, आज आम्हाला सांगायचंय ते या रड्याबद्दल. पडद्यावरच्या नव्हे, पडदा उतरल्यानंतरच्या.

त्याचं खरं नाव आर्थर स्टॅन्ले जेफरसन. जन्म १६ जून १८९०, इंग्लंडमधल्या अल्व्हरस्टन या गावी. वडील नाटक कंपनी आणि थिएटरं चालवायचे, आई नटी. पोरगा सोळा वर्षांचा असताना ग्लासगोच्या एका लहानशा रंगमंचावर उभा राहिला आणि लोकांना हसवलं. पुढे फ्रेड कार्नो यांच्या विनोदी कंपनीत शिरला. तिथे मुख्य नट होता चार्ली चॅप्लिन आणि हा त्याचा बदली नट. म्हणजे चार्ली आजारी पडला तर यानं उभं राहायचं! १९१०मध्ये ही कंपनी अमेरिकेला गेली तेव्हा दोघे भाड्याच्या खोलीत एकत्र राहायचे. खोलीत स्वयंपाकाला मनाई. म्हणून स्टॅन गॅसच्या शेगडीवर चोरून मटण परतायचा, आणि तळणीचा चर्र आवाज घरमालकिणीच्या कानावर जाऊ नये म्हणून चार्ली जोरजोरात व्हायोलिन वाजवायचा. ही आठवण स्टॅन म्हातारपणी मोठ्या हौसेनं सांगे.

पुढे चार्ली जगाचा चार्ली झाला. स्टॅनला वाट पाहावी लागली. १९२७च्या सुमारास हॅल रोच यांच्या स्टुडिओत त्याची जोडी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या ऑलिव्हर हार्डीशी जमली आणि मग मागे वळून पाहिलं नाही. पडद्यावर बावळट दिसणारा हा रड्याच खरा डोकेबाज होता. विनोद रचायचे, प्रसंग बसवायचे, फिल्म कापायची-जोडायची, सगळ्यात त्याचा हात. हार्डी चित्रीकरण संपलं की गोल्फ खेळायला मोकळा. गंमत म्हणजे ज्या रडण्यामुळे मराठीत त्याचं नाव रड्या पडलं, ते तोंड वाकडं करून रडणं त्याला स्वतःला मुळीच आवडत नसे. लोकांना आवडतं म्हणून करायचा.

१९५३च्या सप्टेंबरात ही जोडी नाटकाच्या दौऱ्यासाठी बोटीनं आयर्लंडच्या कोव्ह बंदरात उतरली. तोवर दोघांचा बहर ओसरला होता, शेवटचा चित्रपटही येऊन गेला होता. बंदरावर पाहतात तो माणसांची ही गर्दी! आणि तेवढ्यात गावातल्या मोठ्या चर्चच्या घंटांवर त्यांच्या चित्रपटांची सुरुवातीची धून वाजू लागली. दोन्ही म्हातारे एकमेकांकडे पाहून रडले. हे रडणं मात्र खरं होतं.

१९५५मध्ये स्टॅनला पक्षाघाताचा झटका आला. दोघांची ठरलेली टीव्ही मालिका राहून गेली. तो सावरतोय तोच १९५६मध्ये हार्डीला त्याहून मोठा झटका आला. बोलणं गेलं. स्टॅन भेटायला जायचा आणि शब्दांवाचून, नजरेनं आणि हातवाऱ्यांनी दोघांचं बोलणं चालायचं, असं सांगतात. ७ ऑगस्ट १९५७ रोजी हार्डी गेला. डॉक्टरांनी मनाई केल्यामुळे स्टॅनला दोस्ताच्या अंत्यविधीलाही जाता आलं नाही. त्यानंतर तो पुन्हा कधी पडद्यावर किंवा रंगमंचावर उभा राहिला नाही. बोलावणी येत, तो नको म्हणे. जोडीतला एक गेल्यावर दुसऱ्यानं काय करायचं?

इथून आमची खरी गोष्ट सुरू होते.

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहरात, समुद्रासमोरच्या 'ओशियाना' नावाच्या इमारतीत एक लहानसा फ्लॅट घेऊन स्टॅन आणि त्याची पत्नी आयडा राहू लागले. तो कफल्लक झाला होता अशा अफवा पुष्कळ उठल्या, त्या खोट्या. राजेशाही नव्हती, पण खाऊनपिऊन सुखी होता. हा एवढा नामवंत माणूस, पण त्याचं नाव आणि नंबर टेलिफोनच्या डिरेक्टरीत सरळ छापलेले असत. कुणीही उघडावी, नंबर फिरवावा आणि पलीकडून त्याचाच आवाज यावा. डिक व्हॅन डाइक हा पुढे नावारूपाला आलेला विनोदी नट त्याच्यापर्यंत पोहोचला तो डिरेक्टरीत नाव शोधूनच. त्याला वाटलं होतं, एवढा मोठा माणूस, नंबर कुठला मिळायला! नंबर मिळाला, घरी बोलावणंही मिळालं.

आणि पत्रं! साऱ्या जगातून पत्रं येत. लहान मुलांची, शाळामास्तरांची, नाटक कंपनीतल्या जुन्या साथीदारांची, त्यांच्या विधवांची, इंग्लंडमधल्या नातलगांची. स्टॅन टाइपरायटरसमोर बसे आणि एकेकाला उत्तर लिही. सेक्रेटरीकडून छापील कागद पाठवून मोकळा होत नसे, स्वतः टाइप करी. फोटो मागितला तर सही करून फोटो पाठवी. पक्षाघात होऊन गेलेला, मधुमेह जडलेला, वय सत्तरीचं. तरी रोजचे कितीतरी तास या कामात जात. त्यानं अशी हजारो पत्रं लिहिली. ज्यांना ती आली त्यांनी जीव लावून जपली, म्हणून आज ती वाचायला मिळतात.

आता कुणी म्हणेल, एवढा मोठा विनोदवीर, पत्रं म्हणजे हास्याचे फवारे असतील. वाचकहो, तसं नाही. बहुतेक पत्रं अगदी साधी. तुमचं पत्र पोहोचलं, कात्रण पोहोचलं, आभार. इकडे हवा अशी आहे. पत्नीला सर्दी झाली होती, आता बरं आहे. टीव्हीवर अमक्याचा कार्यक्रम पाहिला, चांगला होता. कंपनीतला अमुक जुना नट गेल्याचं कळलं, वाईट वाटलं. तुम्ही विचारलेला तो चित्रपट अमक्या साली केला. तब्येतीला जपा. देव तुमचं भलं करो. बस्स. अधूनमधून एखादी चिमटीभर गंमत, पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तशी.

एका गोष्टीचं मात्र त्याला मनापासून दुःख होतं. त्यांचे जुने चित्रपट तेव्हा टीव्हीवर दाखवत, पण जाहिराती घुसवायच्या म्हणून वेडेवाकडे कापून. ज्या माणसानं एकेका हशाची जागा मोजून फिल्म जोडली, त्याला ते बघवत नसे. त्या प्रक्षेपणाचा पैसाही त्याला मिळत नव्हता. पण पैशापेक्षा ती कापाकापी त्याला जास्त लागली.

१९६१मध्ये त्याला सन्मानाचं ऑस्कर मिळालं. आजारपणामुळे जाता आलं नाही, डॅनी के या नटानं ते त्याच्या वतीनं घेतलं. पुतळा घरी आला. तेव्हा फरशी पुसायच्या एका द्रव्याच्या बाटलीवर टकल्या पहिलवानाचं चित्र असे. स्टॅननं आपल्या ऑस्करला त्या टकल्याचंच नाव ठेवलं!

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी. १९६४मध्ये चॅप्लिनचं आत्मचरित्र आलं. जाडजूड ग्रंथ. एका खोलीत राहिलेल्या, चोरून मटण परतणाऱ्या त्या दोस्ताचा त्यात उल्लेखही नाही. आपल्याकडे एवढ्यावरून भावाभावांत अबोला धरतात, लग्नाच्या पत्रिकेत नाव राहिलं म्हणून दहा-दहा वर्षं जाणं-येणं बंद होतं. स्टॅन मात्र अखेरपर्यंत चार्लीची तारीफच करत राहिला. त्याच्यासारखा कुणी झाला नाही म्हणायचा. ज्याच्या घरी रोज जगभरचा सलाम येत होता आणि जो प्रत्येक सलामाचं उत्तर देत होता, त्याला एका पुस्तकात नाव नसल्याचं काय एवढं?

२३ फेब्रुवारी १९६५ रोजी तो गेला. सांगतात की शेवटच्या घटकेला तो नर्सला म्हणाला, यापेक्षा बर्फावर स्कीइंग करत असतो तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, तुम्हाला येतं? म्हणाला, नाही येत, पण हे करण्यापेक्षा ते बरं!

उर्दू शिकवणाऱ्याला पत्रं म्हटलं की गालिब आठवणारच. १८५७नंतर दिल्ली उजाड झाली, दोस्त मारले गेले, पांगले. गालिबकडे उरलं काय, तर कलम आणि डाक. त्याआधी पत्र म्हणजे लांबलचक अल्काब, अरबी-फारसीचा भरजरी शेला. गालिबनं तो बाजूला ठेवला आणि समोर बसून बोलावं तसं लिहिलं. मुरासल्याचा मुकालमा केला, पत्राचं संभाषण केलं. ती पत्रं १८६८ आणि १८६९मध्ये पुस्तकरूपानं आली आणि उर्दू गद्याला नवी वाट मिळाली. आणि आपल्या महाराष्ट्रात, अहमदनगरच्या किल्ल्यात, १९४२पासून कैदेत असलेल्या मौलाना आझादांनी दोस्ताला उद्देशून जी पत्रं लिहिली ती टपालात पडूच शकली नाहीत. तीच पुढे 'गुबार-ए-खातिर' झाली. उत्तराची आशा नसतानाही माणूस लिहितो. मग ज्याचं पत्र आपल्या हातात आलंय, त्याला उत्तर न देण्याला आपल्याकडे काय सबब आहे?

हा प्रश्न आम्ही तुम्हाला विचारत नाही. स्वतःलाच विचारतोय. त्याचं कारण आता सांगतो.

आमचं लहानपण कोकणातल्या एका गावात गेलं. मोहल्ल्यातल्या अर्ध्या घरांतले पुरुष बोटीवर, नाहीतर कुवेत-बहरीनला. आम्हाला उर्दू बऱ्यापैकी लिहिता यायला लागलं तशा शेजारच्या खाला, चाची दुपारी कागद घेऊन यायच्या. "लिख, इथे सगळी खैरियत आहे..." सगळ्या पत्रांची सुरुवात हीच. घराचं छप्पर गळत असो, पोरगं तापानं फणफणत असो, आधी खैरियत. मग शेवटी "आणखी काय लिहू" म्हणत त्या गप्प बसायच्या आणि आम्ही कलम धरून वाट बघायचो. ते गप्प बसणं कागदावर कसं उतरवायचं, हे आम्हाला अजून जमलेलं नाही.

हे लिहिणं-वाचणं ज्यांनी शिकवलं ते आमचे उस्ताद. प्राथमिक शाळेत उर्दू शिकवायचे. हातात छडी असायची, पण ती फळ्यावरचा नुक्ता दाखवण्यापुरती. आम्ही बी.एड. झालो, नोकरीला लागलो, अधूनमधून मासिकांतून लिहू लागलो. एके दिवशी शाळेच्या पत्त्यावर उस्तादांचं पत्र आलं. आंतर्देशीय, हात थरथरल्यामुळे ओळी उतरत गेलेल्या. आमचा एक लेख त्यांना कुणी दाखवला होता. त्याबद्दल शाबासकी, घरच्यांना दुआ, आणि शेवटी एक दुरुस्ती: अमक्या शब्दात तुम्ही 'से' घातला आहे, तिथे 'स्वाद' हवा. वयाच्या ऐंशीतही वही तपासायची राहिली नव्हती!

आम्हाला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण उत्तर? उस्तादांना उत्तर म्हणजे उत्तम उर्दूत हवं, एकही चूक नको, अक्षर देखणं हवं. फुरसतीनं, नीट लिहू. आंतर्देशीय डायरीत ठेवलं. परीक्षा आल्या, पेपर तपासणी आली, निवडणुकीची ड्यूटी आली, घरातलं लग्न आलं. डायरी बदलली, पत्र नव्या डायरीत गेलं. तिसऱ्या डायरीत गेलं तेव्हा गावाहून फोन आला, उस्ताद अल्लाहला प्यारे झाले.

पुरशाला गेलो. उस्तानीजींनी पाणी दिलं, खाण्याचा आग्रह केला. तक्रार एका शब्दाची नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "पोस्टमन दारावरून गेला की विचारायचे, माझं काही आहे का."

तेव्हापासून आम्ही वर्गात पत्रलेखन शिकवतो आणि आतून ओशाळतो. स्टॅनची पत्रं वाचली तेव्हा आमची चूक नेमकी कुठे झाली ते कळलं. आम्ही सुंदर पत्र लिहायला निघालो होतो. त्या म्हाताऱ्यानं कधी सुंदर पत्र लिहायचा हट्ट धरला नाही. पोहोचलं, आभार, इकडे सर्दी आहे, तब्येतीला जपा, एवढंच लिहिलं, पण लिहिलं. उस्तादांनाही याहून जास्त नको होतं. 'पत्र मिळालं, चूक सुधारली, दुआ करा.' तीन वाक्यं. पाच मिनिटांचं काम. एखादी चूक झाली असती तर बिचाऱ्यांना तपासायला तरी मिळाली असती!

तर त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही असं दिलं. पोस्टातून पन्नास पैशांची पोस्टकार्डं आणली आणि वर्गात वाटली. अट एकच: खऱ्या माणसाला, खऱ्या पत्त्यावर, मार्क नाहीत. सगळ्यात मोठी अडचण कोणती आली माहीत आहे? पत्ता! आजी-आजोबांचा, मामूंचा मोबाइल नंबर पोरांना तोंडपाठ; पण गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड घरात कुणालाच नीट सांगता येईना. दोन दिवस त्यातच गेले. एका पोरानं विचारलं, "काय लिहू?" म्हटलं, जेवलास काय ते लिही. त्यानं खरंच लिहिलं: काल भेंडीची भाजी होती, मला आवडत नाही.

पंधरा दिवसांत नऊ उत्तरं आली. भेंडीवाल्याच्या नानीनं कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं, की सुट्टीत ये, मी करते तशी भेंडी तुझ्या आईला येत नाही. पोरानं ते कार्ड कंपासपेटीत ठेवलंय. घरी दाखवलं की नाही, ते आम्ही विचारलं नाही.

एक कार्ड आम्हीही लिहिलं. उस्तानीजींना. उस्तादांच्या पत्राचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, ते आता देतो आहे, असं लिहिलं. 'स्वाद'ची चूक सुधारली आहे, तेही लिहिलं. अक्षर फारसं चांगलं आलं नाही, पण पुन्हा लिहायला घेतलं नाही. तसंच पेटीत टाकलं.

त्याला आता तीन आठवडे झाले. पोस्टमन शाळेत येतो, मुख्याध्यापकांच्या टेबलावर टपाल ठेवतो आणि जातो. आम्ही तास सोडून उठत नाही, पण कान तिकडे असतो. आता वाट बघायची पाळी आमची.